पेट्यातला मका

सेकेसायआत्याच्या हाताखालून आजवर तीन भाच्यांची लग्नं पार पडली होती आणि दोन स्थळं परत गेली होती. परत गेलेल्यांतला एकजण आता हरारेत मोठा साहेब झालाय असं कोणी सांगितलं, की आत्या म्हणे, "असेल. हाताने खायचा सादझाचा, मक्याच्या उकडीचा गोळा चमच्याने खात होता."

आज शुवायचा नंबर होता. मागल्या खेपेला आत्याने नवऱ्यामुलाला, तोंगायला, अट घातली होती : स्वतःच्या हाताने धरलेल्या दोन रानकोंबड्या आण, मग बोलू. शुवायच्या बापाने, म्हणजे आत्याच्या धाकट्या भावाने, पिकिरायने, मान डोलावली होती. मान डोलावणं हेच त्याचं घरातलं मुख्य काम.

त्याप्रमाणे तोंगाय सकाळीच दोन ठिपकेवाल्या कोंबड्या घेऊन हजर झाला. सोबत मध्यस्थ मुगारी. मुलीच्या माणसांपुढे नवऱ्यामुलाने तोंड उघडायचं नसतं. चटईवर बसायचं, नजर जमिनीत रोवायची आणि हळूहळू टाळ्या वाजवायच्या. बोलायचं ते मध्यस्थाने. मुगारीला हे काम देवानेच दिलं असावं, कारण दुसरं कुठलंच काम तो करत नसे.

स्वयंपाकाच्या झोपडीत आत्या आणि शुवाय पिसं उपटायला बसल्या. पावसाआधीच्या ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात रानातल्या कोंबडीच्या अंगावर कातड्याखेरीज काही उरत नाही. या दोन्ही कोंबड्यांच्या अंगावर बोटभर पिवळी चरबी.

"ही रानात राहत होती?" आत्या म्हणाली. "का बँकेत नोकरीला होती?"

शुवाय जोरात पिसं उपटू लागली. आत्याने गळ्याची पिशवी चिरली. आत भरडलेला मका. मग पेटा उघडला, म्हणजे कोंबडीचं खड्यांनी दाणे दळणारं पोट. ना गवताचं बी, ना वाळवी. तोच मका.

"शुवाय, रानात मका कोण भरडतं गं?"

"वानरं असतील, आत्या."

"वानरं. आणि चाळूनही घेतात वाटतं."

शुवायच्या डोळ्यांत पाणी आलं. "आत्या, नका ना सांगू. बाबा नाही म्हणतील."

"तुझा बाबा? मी सांगितल्याशिवाय त्याला नाही म्हणता येतं का?" आत्याने मूठभर मका लुगड्याच्या टोकात बांधला. "मी कशाला सांगू? ज्याचं खोटं, त्याने सांगावं. जेवण होईस्तोवर मुदत आहे त्याला. नाहीतर तो त्याच्या वाटेने जाईल, तू तुझ्या."

रानकोंबडी रांधायची म्हणजे आत्याच्या लेखी दिवसभराचं भांडण. आधी जाळावर धरायची, मग नुसत्या मिठाच्या पाण्यात ती शरण येईपर्यंत शिजवायची, आणि शेवटी शेंगदाण्याचं वाटण. या दोघी तासाभरातच शरण आल्या. आत्याला खोट्यापेक्षा याचाच जास्त राग आला. शेंगदाण्याचं चांगलं वाटण तिने परत फडताळात ठेवलं आणि जुनं काढलं.

पानं वाढली. पेटा घरच्या कर्त्याला द्यायचा ही रीत. पिकिरायने तो तोंडात टाकला आणि डोळे मिटले. चाळीस वर्षांपूर्वी त्याच्या नेमातून एक कुडू हरीण थोडक्यात निसटलं होतं. तेव्हापासून दर हंगामाला त्या हरणाची शिंगं गोष्टीत वीतभर वाढत होती.

"हे खरं रान!" तो म्हणाला. "पाळलेली मला वासावरून कळते. अरे, जिभेवर गवत आलं!"

मुगारीला एवढं पुरे होतं. "तीन दिवस, बाबा! नदीकाठी बैलाच्या शेपटीच्या केसांचे फास लावून मुलगा पालथा पडून. समोर बिबट्याचे ठसे."

"ठसे?" आत्याने विचारलं.

"थोडे, आत्याबाई."

"थोडे म्हणजे किती पायांचे?"

मुगारीने हा हिशेब केला नव्हता. "पण मुलगा हलला नाही!"

"वाघ आहे!" पिकिराय चघळत म्हणाला. "माझ्या तरुणपणी मीही असाच..."

तोंगायच्या टाळ्या थांबल्या.

"आत्याबाई," तोंगाय स्वतःच्या तोंडाने म्हणाला. शेळीने उठून बायबल वाचावं तसा मुगारी त्याच्याकडे बघत राहिला. "विकत आणल्यात. बसस्टँडमागे एक मावशी पाळतात. फास मी लावले होते, तीन दिवस. एक करडू सापडलं. तेही दुसऱ्याचं."

"उन्हाने डोकं फिरलंय त्याचं," मुगारी घाईने म्हणाला.

"तुम्ही मान चघळा," आत्याने कोंबडीची मान त्याच्या पानात टाकली. "तोंडाला काम हवं तुम्हाला." मग तोंगायला, "इथे तू बोलायचं नसतं, ठाऊक आहे ना?"

"आहे."

"मग?"

"बाबा माझ्यापायी गवत चाखत होते. बघवेना."

सगळ्यांनी पिकिरायकडे पाहिलं. पेटा अजून त्याच्या गालात होता. गिळवेना, थुंकवेना.

"मी म्हणणारच होतो," तो म्हणाला. "किंचित मका लागतोय."

आत्याने गाठ सोडली आणि मका तोंगायच्या ओंजळीत ओतला. "करडू परत केलंस?"

"केलं. ज्या आजीचं होतं तिने काठीही घातली."

"बरं केलं तिने." आत्या भावाकडे वळली. "पिकिराय, तुझं हरीण चाळीस वर्षं पळतंय. याचं खोटं एक जेवणभरही पळालं नाही. घरात असा एक असू दे. शुवाय, पाणी आण त्याला."

पिकिरायने मान डोलावली. तेवढ्यात पेटा घशाखाली गेला.

"आणि शनिवारी पहाटे नदीवर ये," आत्या तोंगायला म्हणाली. "फास मी लावीन. तू फक्त गप्प बसायचंस. ते तुला जमत नाही, हे कळलंच आहे."