ओळखलंस ना?

धाकट्याला शिकायला परदेशी पाठवताना घरच्यांनी बॅगेत सगळं भरलं होतं. 'नाही' म्हणायची सवय तेवढी भरायची राहून गेली.

त्याला कारण होतं. लग्नकार्यात एखादा पोट सुटलेला माणूस समोर उभा राहून "ओळखलंस का?" म्हणाला, की आई मागून चिमटा काढायची. चिमट्याचा अर्थ, हो म्हण आणि पाया पड. लहानपणी धाकटा एकदाच खरं बोलला होता. तो पाहुणा न जेवता निघून गेला आणि त्या घराशी संबंध अजून पुरते सुरळीत झालेले नाहीत. तेव्हापासून धाकटा जगातल्या सगळ्यांना ओळखत असे.

या शहरात मात्र त्याला कुणी काही विचारतच नव्हतं. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात प्रत्येकाच्या कपाटाला कुलूप. शेजारच्या खोलीतला मुलगा दारात भेटला की भिंतीकडे बघून मान हलवायचा. ती मान भिंतीसाठी की आपल्यासाठी, हे धाकट्याला शेवटपर्यंत कळलं नाही. तास संपले की तो दिसेल त्या ट्राममध्ये बसायचा, शेवटच्या थांब्याला उतरायचा आणि चालत परत यायचा. सगळे रस्ते धुतल्यासारखे आणि सगळ्या खिडक्यांना एकसारखे पांढरे पडदे. एकदा दुकानाच्या काचेआडच्या पुतळ्याला धक्का लागेल असं वाटून त्यानं माफी मागितली. दिवसभरातलं त्याचं ते एकमेव संभाषण होतं.

म्हणूनच बाजारात वजनाच्या यंत्रापुढे कांद्याची पिशवी घेऊन तो गोंधळून उभा असताना मागून आपल्या भाषेत आवाज आला, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"कांद्याचं चित्र दाब रे, कांद्याचं. लसूण काय दाबतोस!"

धाकटा वळला. करड्या कोटातला, साठीचा, हसरा माणूस होता.

"ओळखलंस ना?"

आई समुद्रापलीकडे होती. तरी चिमटा बसला.

"हो हो, काका! ओळखलं ना!"

"सांग बघू, कुठले?"

"बाबांच्या ऑफिसातले..."

"शाब्बास! बाबा अजून त्याच ऑफिसात?"

"नाही, मागच्या वर्षी रिटायर झाले. आता गुडघ्याचं ऑपरेशन आहे."

"गुडघा ना! मी तेव्हाच म्हणालो होतो." काकांनी हळहळून मान हलवली. "आणि तू इथे एकटाच?"

"एकटाच."

"कुणी ओळखीचं?"

"कुणीच नाही हो."

"वा," काका म्हणाले. मग सावरून म्हणाले, "म्हणजे, अरेरे."

भाजीवालीनं काकांकडे पाहिलं, धाकट्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि पिशवी हातात न देता फळीवर ठेवून ती आत निघून गेली.

घरी फोन लावला तो धाकट्यानंच. काकांनी तो हातात घेतला. "वहिनी, आवाज ओळखला का?"

"अगं बाई! हो ना!" आई तिकडून ओरडली. "किती वर्षांनी! घरी सगळे बरे?"

मग बाबा आले. "काय लेका, कुठे असतोस? तसाच आहेस अगदी!" फोनवर चेहरा दिसत नव्हता, पण बाबांचं त्यावाचून अडलं नाही. आईनं काकांना, पोराकडे लक्ष ठेवा हो, असं बजावलं. काका म्हणाले, "ठेवलंय."

त्यानंतर काका त्याला शहर दाखवू लागले. शहर दाखवणारे सगळेजण पुतळे, बागा, पूल दाखवतात. काका मागची दारं दाखवायचे. "पुढच्या दारानं पाहुणे जातात. आपण काय पाहुणे आहोत?" गोदामांमधली बोळं, रेल्वेखालचा बोगदा, बंद पडलेल्या चित्रपटगृहाच्या मागचा जिना. चालताना ते अर्धं पाऊल मागे राहायचे. वाटेत माणसं भेटायची, काकांना बघून टोपीला हात लावायची आणि दुसऱ्या फुटपाथवर जायची.

"तुम्हाला मान फार आहे इथे," धाकटा म्हणाला.

"ओळखतात ना सगळे," काका म्हणाले.

एके दिवशी काकांना आठवलं की नव्या विद्यार्थ्यांच्या पासपोर्टवर इथे एक शिक्का लागतो. कचेरीत रांग फार, पण साहेब ओळखीचा. "दुपारी पासपोर्ट घेऊन घरी ये. चहा पिऊ. वसतिगृहात कशाला सांगत बसतोस, उगाच सगळे मागे लागतील."

काकांचं घर वरच्या मजल्यावर होतं. दाराबाहेर चपला-बुटांची रांग होती. वेगवेगळ्या मापांचे बूट, एक सँडल, एक लाल नाडीचा खेळाचा जोड. सगळ्यांवर धुळीचा सारखाच थर.

"आत बरीच मंडळी दिसतायत," बूट काढत धाकटा म्हणाला.

"आपलीच मुलं," काका म्हणाले.

आत कुणी नव्हतं. मोठ्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या. खिडकीला तोच पांढरा पडदा, पण खिळ्यांनी ठोकलेला. काकांनी पासपोर्ट घेतला, फोटो बघितला, "फोटोत बारीक दिसतोस" म्हणाले आणि तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. मग ते चहा टाकायला गेले.

तेवढ्यात आईचा फोन आला.

"अरे, त्या दिवशी बोलले ते कोण होते रे?"

"कोण म्हणजे? बाबांच्या ऑफिसातले ना?"

"बाबा म्हणतात, माझ्या माहेरकडचे."

"आई, तू तर त्यांना ओळखलंस!"

"ह्यांच्या ऑफिसातले असतील म्हणून ओळखलं रे! एवढ्या प्रेमानं विचारल्यावर तोंडावर नाही कसं म्हणायचं? आणि तू?"

धाकट्याची नजर पडद्यावरच्या खिळ्यांवर गेली.

"अरे बोल ना! कुठे आहेस तू?"

स्वयंपाकघरातला कपांचा आवाज थांबला होता. काका दारात उभे होते. हातात कप नव्हते.

"आईचा का? नमस्कार सांग."

"आई, काका नमस्कार म्हणतायत," धाकटा म्हणाला. त्याचा अंगठा आपोआप फोन बंद करून मोकळा झाला. मोठ्यांसमोर फोनवर बोलत बसू नये, हेही घरचंच वळण.

"काका, पासपोर्ट द्या. मी निघतो."

"चहा?"

"नको. बरं वाटत नाहीये."

त्यानं दार उघडून बाहेर पाहिलं. रांग जागेवर होती. त्याचे बूट नव्हते.

"काका, बूट कुठायत माझे?"

"बस रे निवांत." काका खुर्चीत बसले आणि पहिल्या दिवशीसारखंच हसले. "ओळखलंस ना मला?"

धाकट्याच्या पाठीला चिमटा बसला. या वेळी त्यानं तो सोसला.

"नाही," तो म्हणाला. "मी तुम्हाला ओळखत नाही. कधीच ओळखलं नव्हतं."

काका अजिबात रागावले नाहीत. "सगळे इथे आल्यावरच म्हणतात," ते म्हणाले. "बाजारात कुणी म्हणत नाही. तिथे म्हटलं असतंस तर मी माझे कांदे घेऊन गेलो असतो."

जिन्यावर पावलं वाजली. उघड्या दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. खांद्याला नवी कोरी बॅग, हातात फळांची पिशवी. रिकाम्या हातानं जायचं नाही, हे तिलाही घरून बजावलेलं दिसत होतं.

"काका, उशीर झाला का? पासपोर्ट आणलाय."

"ये ये बाळ. हा बघ तुझा दादा." काकांनी उठून धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात जड होता. "ओळखलंस ना?"

मुलीनं धाकट्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीच नव्हतं. मग तिला कुठूनतरी चिमटा बसला.

"हो हो! ओळखलं ना!"

"नाही!" धाकटा ओरडला. "तू मला ओळखत नाहीस. मी तुला ओळखत नाही. ह्यांना कुणीच ओळखत नाही. खाली जा, पळ!"

मुलगी दचकली. तिनं काकांकडे पाहिलं. काका एवढंसं तोंड करून उभे होते. तोंडावर अपमान झालेला घरचा मोठा माणूस दिसतो, तसेच. मुलीला फार वाईट वाटलं.

"दादांना गंमत करायची सवय आहे वाटतं," ती घाईघाईनं म्हणाली आणि वाकून बुटांची नाडी सोडायला लागली.