दुवा मिळालेली मेंढी

मेरिमला शाळेसाठी बिश्केकला आईबापांकडे पाठवायचं ठरलं, तेव्हापासून काकिशआजीचा जीव थाऱ्यावर नव्हता. पहिलं नातवंड आजीनंच वाढवायचं या रिवाजानं पोर रांगत होती तेव्हापासून तिच्याच कुशीत झोपलेली. आता तिथं एकटी कशी झोपणार? म्हणून आजीनं पांढऱ्या नमद्याचे, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचे, तुकडे कापले, कडेकडेनं काजाचा टाका घातला, पोटात लोकर ठासली आणि सोबतीला मेंढी तयार केली. चार पायांवर उभी राहते का, हे बघायला तिनं ती उंबऱ्यावर ठेवली. घात तिथंच झाला.

निरोपाच्या चहाला ओस्मोनकुल आजोबा आले. गावात वयानं सगळ्यांत थोरले आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दारात मेंढी दिसताच, ती आपल्याच मानासाठी कापणार असं समजून त्यांनी हात पसरले आणि कापण्याआधीची दुवा साग्रसंगीत म्हटली. त्यांच्या मागून आलेल्या शेजाऱ्यांनीही सवयीनं 'आमीन' म्हणून तोंडावरून हात फिरवले.

दुवा मिळालेलं जनावर पुन्हा कळपात सोडता येत नाही. काकिशनं धीर करून सांगितलं, "आजोबा, ती नमद्याची आहे. पोरीचं खेळणं आहे."

म्हाताऱ्यानं मेंढी चाचपली. चेहरा जरा पडला, पण माघार घेईल तर तो ओस्मोनकुल कसला.

"दिली ती दिली," ते म्हणाले. "अल्लाला काय सांगू, मला दिसत नाही म्हणून?"

शेजाऱ्यांनी माना डोलावल्या. ही माणसं हिमवादळात घोडा घालतील, पण रिवाज मोडायचा म्हटलं की त्यांना घाम फुटतो. पोरीला न्यायला आलेला तिचा बापही त्यातलाच. त्यानं मेंढीचं तोंड काब्याकडे केलं, सुरीला धार लावली आणि पोटाची शिवण उसवली. मग मानाप्रमाणे वाटे पडले. ज्याच्या पदरात नुसती लोकर आली तो 'आमच्या नशिबी नेहमी आतडीच' म्हणून कुरकुरला, पण पिशवीत भरून घरी घेऊन गेला. मुंडकं अर्थातच आजोबांना. त्यांनी त्याचा एक कान कापून मेरिमच्या हातावर ठेवला.

"कान पोरांचा. मोठ्यांचं ऐकत जा."

मेरिम कान मुठीत धरून रडत राहिली.

काकिशच्या अंगाचा तिळपापड झाला. गाडी निघायला थोडाच अवकाश होता आणि पांढरा नमदा संपला होता. तिनं खोगिराखालचा जुना काळा नमदा कापून दुसरं खेळणं शिवायला घेतलं. लोकर उरली नव्हती, म्हणून दोघी जिच्यावर डोकं ठेवून झोपायच्या ती उशीच तिनं फाडून आत भरली. शेवटी तो पांढरा कान डोक्यावर शिवला.

तेवढ्यात आजोबा प्रवासाची दुवा द्यायला पुन्हा आत आले. मेरिमच्या मांडीवर काहीतरी बसलेलं पाहून त्यांचे हात वर जाऊ लागले.

"हे काय आहे?"

"कुत्रा," मेरिम घाईनं म्हणाली.

आजोबांनी वाकून चाचपलं. "कान तर मेंढीचा लागतोय."

"तुम्हीच दिलात."

म्हातारा विचारात पडला. कुत्र्याला दुवा देऊन कापत नाहीत, हे त्यांनाही मान्य होतं. पण त्यांच्याकडे दुसरा रिवाज तयारच होता.

"मग घरात काय करतोय? कुत्र्याची जागा बाहेर. काढा त्याला."

मेरिमनं कुत्रा पोटाशी धरला आणि धावत जाऊन गाडीत बसली. गाडी वळणाआड जाईपर्यंत काकिश दारात उभी होती. मग आत येऊन तिनं बिनउशीच्या अंथरुणाची घडी घातली.