संघातली सहावी

यशोदा उडी मारायची ती भीत भीत, पण पडायची मात्र अगदी मनापासून. लाकडी घोड्यावरून पलीकडे जायचं सोडून ती घोड्यावरच बसायची आणि बाकीच्या मुली पोट धरधरून हसायच्या. अरुंद तुळईवर चार पावलं टाकली की खाली आलीच. तरीही खेळ शिकवणाऱ्या प्रभाबाईंनी तिला शाळेच्या जिम्नॅस्टिक्सच्या संघात घेतलं होतं, कारण नियमच तसा होता. संघ सहा जणींचा, पण गुण धरायचे वरच्या पाच जणींचे. सहावीचे गुण कुणी विचारत नसे. मात्र सहावी हजर नसली तर संघाचं नावच लागत नसे.

ही गोष्ट एकाहत्तर सालची. सोलापुरात मुलींनी तोकड्या चड्ड्या घालून पटांगणावर उतरायचं म्हणजे तेव्हा निम्म्या पेठेच्या पोटात दुखायचं. यशोदाचे वडील वेणीमाधवभटजी पेठेतल्या दत्ताच्या देवळाचे पुजारी. देवळात येणाऱ्या बायकांनी नाकं मुरडली, तरी त्यांनी लेकीला नाही म्हटलं नव्हतं. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं.

संघातली सगळ्यांत तरबेज मुलगी चंद्रव्वा. मंद्रूपची, मामाकडे राहून शिकणारी, अकरावीत. मॅट्रिक झाली की लग्न, मुलगाही बघून ठेवलेला. जिल्ह्यात पहिलं आलं की संघ पुण्याला जायचा, आणि लग्नाआधी पुण्याला जाऊन त्या तुळईवर एकदा चालायचं, एवढंच तिचं मागणं होतं. दोन वर्षं ती त्यासाठी राबत होती.

"यशे, तू नुस्ती येऊन हुबी ऱ्हा," ती म्हणायची. "पडलीस तरी चालतंय की. फकस्त ये."

यशोदाला त्या एका शब्दानं भरून यायचं. घरात तिला सगळे 'जा' म्हणत. पाणी आणायला जा, फुलं आणायला जा. 'ये' म्हणणाऱ्या पाच जणी तिला पहिल्यांदाच भेटल्या होत्या. सराव संपला की सहा जणी एकमेकींच्या गळ्यात हात टाकून नळावर जायच्या आणि एकाच धारेखाली ओंजळी धरून पाणी प्यायच्या. आपण संघाच्या आहोत असं तिला तेव्हा फार वाटायचं.

जिल्ह्याच्या स्पर्धा नेमक्या नवरात्रात आल्या, सहाव्या माळेच्या दिवशी. चौथ्या माळेला सकाळी आईनं घटावर चढवायची माळ ओवायला यशोदाला हाक मारली. ती न्हाऊन आली, पाटावर बसली आणि तिच्या पोटात कळ आली. काय झालं ते तिला लगेच कळलं. समोर परडीत झेंडूची फुलं होती.

कुणालाही काही कळलं नसतं. चार फुलं दोऱ्यात ओवली असती, न बोलता उठली असती, तर परवा ती पटांगणावर असती. पण ती पडली पुजाऱ्याची मुलगी. तिच्या मनात आलं, या हातांनी माळ ओवली आणि देवी कोपली तर? आपलं काय व्हायचं ते होवो, पण परवा तुळईवर चंद्रव्वाचा पाय सरकला तर? संघातल्या हेमावतीचा हात मोडला तर? संघावर आपल्यामुळे काही यायला नको. देवानंतर तिनं जर कुणाचा विचार केला असेल, तर तो त्या पाच जणींचा. आणि तो करून ती पाटावरून उठली.

"आई, मला बाजूला बसायला हवं."

आईचा हात तेवणाऱ्या दिव्यापाशीच थांबला. "आज?" एवढंच ती म्हणाली, आणि मग मागच्या पडवीत पोतं टाकायला गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रभाबाई आल्या. यशोदा पडवीत भिंतीला कान लावून बसली होती. बाईंनी चहाला हात लावला नाही.

"भटजी, मुलीला दोन तासांसाठी पाठवा. पाच जणींचं वर्ष वाया जाईल हो."

"बाई, तुम्ही म्हणता ते मला समजतंय," वेणीमाधवभटजी म्हणाले. त्यांचा आवाज खरोखरच पडला होता. "पण ती त्याच गादीवर लोळणार, त्या मुलींचे हात धरणार. त्या मुली आपापल्या घरी जाणार, तिथं घट बसलेले. माझ्या घरचं मी बघून घेईन. दुसऱ्यांच्या घटांचं पाप मी कसं घेऊ?"

"नुसतं रांगेत उभं राहायचंय तिनं. मला तिचे गुण नकोतच."

हे खरंच होतं, यशोदालाही ठाऊक होतं. तरीसुद्धा ऐकताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. थोड्या वेळानं चपलांचा आवाज अंगणातून दूर गेला. आईनं लांबूनच ताट सरकवलं. यशोदानं त्यातलं शितसुद्धा उचललं नाही.

सहाव्या माळेचा तो दिवस तिनं पडवीत काढला. अकरा वाजता संचलन, साडेअकराला नावं पुकारणार, हे तिला पाठ होतं. देवळाच्या घड्याळाचे टोले ती मोजत राहिली. तिकडे पाच जणी पांढरे सदरे घालून रांगेत उभ्या राहिल्या. पंचांनी डोकी मोजली, यादीत पाहिलं आणि शाळेच्या नावावर रेघ मारली. चंद्रव्वानं दोन वर्षं जिच्यासाठी घालवली त्या तुळईला तिला पायसुद्धा लावू दिला नाही. प्रभाबाईंनी हात जोडले म्हणे. पण नियमापुढं कोण काय करणार?

आठव्या माळेला यशोदा शाळेत आली. आपल्याला शिव्या बसतील, निदान चंद्रव्वा तरी झिंज्या उपटेल, अशी तिची तयारी होती. तसं झालं असतं तर तिला हलकं वाटलं असतं. पण पाची जणी नेहमीसारख्या हसल्या, "बरी हाईस का?" म्हणाल्या आणि आपापल्या वर्गात गेल्या. मधल्या सुट्टीत तिनं चंद्रव्वाला एकटीला गाठलं आणि तिचा हात धरून सगळं सांगितलं. पाटावर काय मनात आलं, देवीची भीती, तुळईवरून सरकणारा पाय, सगळं.

"तुमच्यासाठीच गं सांगितलं मी घरी."

चंद्रव्वाला राग आला नव्हता, तेच वाईट होतं.

"यशे, परवा माझं बी तेच हुतं की. तिसरा दिवस."

यशोदाला आधी काही समजेना.

"दर सरावाला कुणाचं ना कुणाचं असतंच. कापड घट्ट बांधायचं आन् गप ऱ्हायाचं. हेमावतीच्या घरी तर पाळतच न्हाईत. बाकीच्या आमी कुणीच घरी सांगत न्हाय. पैल्या वर्षीच शपथ घातलीया एकमेकींना."

"मला नाही घातली ती."

"तुला कसं सांगायचं गं? तू देवळातली. तुझ्या आईच्या कानावर गेलं असतं, तर घरच्यांनी आमचा सरावच बंद केला असता."

यशोदानं धरलेला हात सोडला. दीड वर्ष ती त्यांच्या गळ्यात हात टाकून नळावर जात होती, त्यांच्या ओंजळीला ओंजळ लावून पाणी पीत होती. आणि त्या दीड वर्षात त्या पाची जणी तिच्यापासून जपून राहत होत्या. हसता हसता जपत होत्या, 'ये' म्हणता म्हणता जपत होत्या. जिच्या जिवाला जपायला म्हणून ती पाटावरून उठली, तीच चंद्रव्वा मनात तिला घरच्या बाजूची धरून बसली होती. पडवीत चार दिवस बसून जे वाटलं नव्हतं ते तिला आता, भर पटांगणात, उन्हात उभं राहून वाटलं.

"पुढच्या वर्षी मी नाही सांगणार घरी," ती कशीबशी म्हणाली. "खरंच नाही सांगणार. शपथ घाल मला."

चंद्रव्वानं मान खाली घातली. पुढच्या वर्षी ती स्वतः शाळेत नसणार होती, आणि खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"बाईंनी आठवीतली एक पोरगी बघितलीया," ती हळूच म्हणाली. "कालच तिच्या घरी जाऊन आल्या. तिच्यात पाळत न्हाईत, ते आदी इचारून घेतलं त्यांनी."