टाळ्यांची काळी पट्टी

सर्वेशच्या कीबोर्डवर अगदी शेवटी आवाजांचा एक खास कप्पा होता. तो लावला की सारेगम बंद, आणि प्रत्येक पट्टीतून भलतंच काहीतरी बाहेर पडायचं. घोडा, जुना फोन, रडणारं बाळ, हेलिकॉप्टर, पाऊस, टाळ्या. बनवणाऱ्याने हे नेमकं कोणासाठी दिलं असेल, हा प्रश्न घरात सगळ्यांना पडला होता, सर्वेश सोडून. गेल्या गणपतीत सोसायटीच्या आरतीला त्याने हेलिकॉप्टर उतरवलं, तेव्हा वॉचमन रजिस्टर घेऊन गच्चीवर गेला होता.

म्हणून लग्नाच्या दिवशी, नौपाड्यातल्या हॉलवर, बोहल्यावर चढायच्या आधी श्रिया धाकट्या भावापाशी आली.

"सव्या, मंगलाष्टकांना नुसता सूर धरायचा. प्राणी नकोत."

"पक्षी?"

"शालू नेसलेय म्हणून वाचतोयस."

सर्वेशने गळ्याची शपथ घेतली, आणि ती पाळलीही असती. पण गंगूआत्या होती.

गंगूआत्या खोपटची. घरातल्या प्रत्येक लग्नाला ती एक मंगलाष्टक रचायची, वृत्तात, मात्रा बोटांवर मोजून. अडचण एवढीच की मंगलाष्टकं मुहूर्तापर्यंतच चालतात. मुहूर्त भरला की गुरुजी शेवटचं कडवं उचलतात आणि मध्ये जो कोणी गात असेल तो तिथेच कापला जातो. मानपानात आत्याचा नंबर कायम शेवटचा, त्यामुळे कापली जायची ती आत्याच. प्रीतमदादाच्या लग्नात ती तिसऱ्या ओळीपर्यंत पोचली होती. त्या लग्नाचं नाव अजून घरात आदराने निघतं. चौथी ओळ आजवर कोणीही ऐकलेली नव्हती. आत्या तीच ओळ दर लग्नात शेवटी ठेवते एवढंच माहीत होतं.

आणि हा कीबोर्ड सर्वेशला आत्यानेच घेऊन दिला होता. सकाळी नऊवारीचा काष्टा सावरत तिने एवढंच विचारलं, "या खेपेला पुरं होईल ना रे?"

"होईल की," सर्वेश म्हणाला. असली वचनं देताना वरपक्षाचा विचार करायचा असतो, हे त्याच्या वयाला सुचलं नाही.

वरपक्षाकडे गुरुदत्तकाका होते. नवरदेव अद्वयचे सख्खे काका, मुक्काम विठ्ठलवाडी. अंतरपाट धरला गेला, गुरुजींनी सुरुवात करून दिली आणि काकांनी जो माइक घेतला तो घेतलाच. त्यांच्या मंगलाष्टकात अद्वयचं शिक्षण होतं, नोकरी होती, पुतण्यांची नावं होती आणि कुलदैवताला जायचा रस्ताही होता. 'सावधान' आलं की लोक अक्षता टाकत आणि काका पुढच्या नातेवाईकाकडे वळत. आत्या कोपऱ्यात कागद धरून उभी होती. गुरुजी घड्याळ बघत होते.

सर्वेशने बहिणीकडे पाहिलं. ती अंतरपाटाआड होती. तेवढ्याने शपथ थोडी सैल झाल्यासारखी वाटली.

त्याने खास कप्पा लावला आणि आधी फोन वाजवला. अख्ख्या हॉलने खिसे आणि पर्सा चाचपल्या. काकांनीही चाचपला, गाता गाताच. मग बाळ रडवलं. चार-पाच बायका उठल्या, त्यांतल्या दोघींची मुलं कॉलेजात होती. काका आत्ता मावशीच्या जावयापर्यंत आले होते.

मग त्याने शेवटून तिसरी काळी पट्टी दाबली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मोठ्या स्पीकरमधून झाला, त्यामुळे चारशे माणसांचा वाटला. आता लग्नात टाळ्या कधी पडतात हे शेंबड्या पोरालाही कळतं. अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या. मुठीतल्या सगळ्या अक्षता एकदम उडाल्या. मामांनी सवयीने अंतरपाट खाली ओढला. दाराबाहेर बँडवाला काळुराम टाळ्यांचीच वाट बघत उभा होता, त्याने ताशावर काठी घातली. श्रियाने हार उचलला आणि तो अद्वयच्या एका कानापर्यंत पोचलाही.

"थांबा," गुरुजी म्हणाले. "मुहूर्ताला अवकाश आहे. अंतरपाट कोणी सोडला?"

बँड थांबला. हार कानावरून काढण्यात आला, अंतरपाट पुन्हा धरला गेला. अर्धं लग्न लागलं की अजिबातच नाही, यावर पहिल्या रांगेत दोन मतं पडली. गुरुदत्तकाकांना मात्र काहीच शंका नव्हती. एवढी दाद त्यांना आयुष्यात मिळाली नव्हती. त्यांनी हात जोडले, मान लववली आणि ते समाधानाने खाली बसले.

"कोणीतरी म्हणा हो," गुरुजी पाण्याचा पेला शोधत म्हणाले. "मुहूर्तापर्यंत रिकामं ठेवू नये."

अंतरपाटाआडून आवाज आला, "आत्या, तू म्हण. सव्या, तुला नंतर बघते."

आत्या पुढे आली. सर्वेशने सूर धरला. पहिली ओळ तिने घाईत म्हटली, दुसरी सावकाश. लोकांच्या हातात अक्षता उरल्या नव्हत्या, म्हणून त्यांच्या जागी सर्वेशने हळूच कप्पा बदलून पाऊस दाबला. अगदी तांदूळ पडल्यासारखा आला. तिसरी ओळ झाली. आत्याने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी पाणी पीत होते, जरा जास्तच सावकाश.

मग तिने कागद मिटला आणि डोळे बंद करून चौथी ओळ म्हटली.

"आता पंगतिला बसा सकलहो, कुर्यात् सदा मंगलम्."

वडीलधाऱ्या बाईने एवढं गोड आवाजात सांगितल्यावर कोण उभं राहणार? मागच्या रांगा उठल्या. मग मधल्या. गुरुदत्तकाका सर्वांत आधी पोचले. गुरुजींनी मुहूर्ताचं कडवं घेतलं तेव्हा हॉलमध्ये खुर्च्या होत्या आणि जवळची बारा-पंधरा माणसं. अंतरपाट या वेळी कायदेशीर खाली आला, हार पडले, आणि जवळच्या माणसांच्या हातात होते कॅमेरे, पर्सा आणि कोणाचं तरी पोर. टाळी वाजवायला हात कोणाचाच मोकळा नव्हता.

सर्वेशने काळी पट्टी दाबली. चारशे माणसांचा कडकडाट.

बँड वाजला नाही.

दारातून काळुरामने फक्त डोकं आत घातलं. "आता नाय फसायचा मी. खरंच लागलं का लगीन?"

"लागलं रे बाबा," गंगूआत्या म्हणाली, माइक काखेत धरून तिने दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या, एकटीनेच, आणि काळुरामने ताशावर काठी घातली.

गळ्यात हार घेऊन श्रिया वाकून म्हणाली, "सव्या, तुझ्या लग्नात कीबोर्डवर मी बसणार."

"तुला कुठे वाजवता येतं?"

"हेलिकॉप्टर येतं."