चिंचेने घासलेले खिळे

मी एक जुनी घागर आहे, मित्रांनो, तळाला बारीक छिद्र असलेली. बंगालच्या नदिया जिल्ह्यातल्या कुंभाराने मला घडवताना डोके हलवले होते. "गळकी घागर मुद्दाम मागणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय."

ते गिऱ्हाईक म्हणजे कोलकात्याच्या एका संशोधन संस्थेतली शर्मिष्ठादीदी. आमच्याकडे पुष्कळ हातपंपांच्या पाण्यात आर्सेनिक हे विष असते. त्याला रंग नाही, वास नाही. लोकांनी ते पिऊ नये म्हणून अशा पंपांना लाल रंग देतात. पारुलबौदीच्या, म्हणजे पारुलवहिनीच्या, दारातला पंप लाल होता, आणि तिच्या नवऱ्याच्या, निताईच्या, तळहातांवर काळे खरखरीत ठिपके उठले होते.

दीदीने माझ्यात वाळू आणि लोखंडी खिळे भरले व मला बौदीच्या अंगणात तिवईवर बसवले. खिळ्यांवर गंज चढला की तो पाण्यातले विष धरून ठेवतो. वरून लाल पंपाचे पाणी ओतले की खालच्या घागरीत पिण्याजोगे पाणी ठिबकते. वर्षभर मी ठिबकत राहिले. निताईचे ठिपके वाढायचे थांबले. शेजारणी म्हणत, "बौदी, तुझी गळकी सून कामाची निघाली गं."

मग संस्थेने सात प्रकल्पांतून दोनच पुढे न्यायचे ठरवले. आमचा निवडला गेला तर गावाला दोनशे घागरी मिळणार होत्या. गुण द्यायला संस्थेचे दत्तबाबू येणार, असा निरोप आला.

पाहुणे येणार म्हणून बौदीने आदल्या दिवशी मला रिकामे केले. पूजेची पितळी भांडी घासावीत तसा एकेक खिळा तिने चिंचेने घासला, वाळू सात पाण्यांनी धुतली आणि सगळे पुन्हा भरले. मला बोलता आले असते तर!

दत्तबाबूंनी पाणी तपासले. चाचणीची पट्टी तपकिरी झाली, म्हणजे पाण्यात विष होते.

दीदीने माझ्यात हात घातला. खिळे चकाकत होते.

"आरशासारखे केलेत, दीदी," बौदी म्हणाली.

"बौदी, गंजासाठीच तर होते ते."

"तुम्हीच दिलेल्या कागदावर लिहिलंय ना, घागर स्वच्छ ठेवा म्हणून?"

दीदी दत्तबाबूंकडे वळली. "तीन आठवडे द्या, सर. गंज पुन्हा चढेल."

"यादी शुक्रवारी जायची आहे," ते म्हणाले. "आणि खरं सांगू, यात कारखान्याला बनवायला देण्यासारखं आहे काय? खिळे?"

आम्ही यादीत सहावे आलो. दीदीला दुसरे काम दिले गेले. तीन आठवड्यांत माझ्या खिळ्यांवर गंज चढला, पाणी पुन्हा शुद्ध झाले. पण ते तपासायला कोणी आले नाही.

"कागदावर लिहून गेलेत, तुझ्या घागरीत विष आहे," निताई म्हणाला आणि लाल पंपाकडे गेला. त्याचे पाणी गार लागते. चौथ्या वर्षी निताई वारला.

आता मी गोठ्यामागे पडून आहे. बौदी कोयतीवरचा गंजसुद्धा घासत नाही.

मित्रांनो, एखाद्याला शिकवाल तेव्हा काय करायचे एवढेच सांगू नका, का करायचे तेही सांगा. आणि कोणाला नापास कराल तेव्हा तीन आठवड्यांनी एकदा परत येऊन बघा. माझे खिळे अजून गंजलेले आहेत. फक्त पाणी ओतायला कोणी नाही.