मोरीत कोंबलेली रजई

मी एक रजई बोलतेय. आतून कापसाची, वरून लाल रेशमाची, कडेला हिरवी पट्टी. म्हणजे एके काळी. आता रेशीम कुजून गेलंय, एक कोपरा उंदरांनी नेलाय, आणि कितीही धुतलं तरी अंगाला आंबलेल्या भाताचा वास येतो.

माझ्याखाली तीन पोरं झोपून मोठी झाली. आणि माझ्यामुळे एक बाई मेली. चार वर्षं हे फक्त मला ठाऊक होतं.

माझा जन्म ओक्बुनच्या लग्नासाठी झाला. तिच्या आईने घरच्या शेतातला कापूस पिंजला आणि मला शिवायला गावातल्या निवडक बायका बोलावल्या. नवरा जिवंत, मुलगे धडधाकट, अशाच. ओक्बुनची एक विधवा मावशी दारात उभी राहून नुसती बघत होती. साऱ्या गावात तिच्याइतका सुबक टाका कुणाचा नव्हता, पण तिने सुईला हात लावायचा नाही असं ठरलेलं होतं. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, हे कुणीही विचारलं नाही. माणसांची ही खोड मी जन्मतःच पाहिली. पुढे ती फार जवळून बघायला मिळाली.

लग्नानंतर ओक्बुन मला घेऊन डोंगराच्या पायथ्याशी, नवऱ्याच्या, मानसोकच्या घरी आली. सासूने तिला पहिल्याच वर्षी तांदळाची दारू लावायला शिकवलं. पितरांच्या पूजेला विकतची दारू त्या घरात चालत नसे. आणि घरात लावणं हा तेव्हा गुन्हा होता. तपासनीस यायचे. ते कपाटं उघडत बसायचे नाहीत, अंगणात उभे राहून नाक वर करायचे.

एकदा ते आले तेव्हा रांजण नुकता रंगात आला होता. सासूने त्याचं तोंड घट्ट बांधून तो गादीवर कसाबसा तिरपा टेकवला, ओक्बुनला शेजारी निजवलं आणि दोघांवर मला पसरलं. रांजणाचं पोट वर आलेलं, आणि ओक्बुन कण्हायला लागली.

"कळा सुरू झाल्यात हो," सासू दारात म्हणाली. "या ना आत. पाणी तापवायला माणूस हवंच आहे."

तपासनीस कोवळा होता. कानापर्यंत लाल होऊन निघून गेला. ओक्बुनला तेव्हा दिवससुद्धा गेलेले नव्हते. ती माझ्याखाली हसत राहिली, हुंदके आल्यासारखी.

मग मानसोकने घरामागच्या उतारात तळघर खणलं. सात पायऱ्या उतरायच्या, खाली दगडी फरशी, आणि रांजण धुतलेलं पाणी निघून जावं म्हणून भिंतीच्या अगदी तळाशी दीड वीत रुंदीची मोरी. ती बाहेर उतारावर, रस्त्याच्या अंगाला उघडते. जागा उत्तम होती. पण मोरीतून पाण्याबरोबर वासही जायचा, सरळ रस्त्यावर. म्हणून दारू लावली की मोरीत पेंढ्याचा बोळा. पुढे घरात दुकानातल्या हलक्या, फुलाफुलांच्या रजया आल्या. मी जड झाले, जुनाट झाले. मानसोकने मला उचललं आणि पेंढ्याच्या जागी कोंबलं. अर्धी आत, अर्धी बाहेर.

तिथे राहून मला एक गोष्ट कळली. भात आंबायला लागला की रांजण श्वास सोडतात. तो धुरासारखा वर जात नाही. पाण्यासारखा खाली उतरतो, फरशीवर पसरतो आणि मोरीकडे येतो. मी नसते तर तो उतारावरून निघून गेला असता. पण मी होते. मग तो मागे फिरायचा आणि एकेक पायरी चढायला लागायचा.

रांजण एकच होता तोवर श्वास घोट्यापर्यंत यायचा. कुणाचं काही बिघडलं नाही.

मग सरकारने बंदी उठवली. आता घरी दारू लावणं गुन्हा नव्हता, छंद होता. शेजारची मालसुन आणि ओक्बुन एकमेकींना वाट्या पाठवायच्या आणि एकमेकींच्या दारूला नावं ठेवायच्या. एका रांजणाचे पाच झाले. भीती गेली तशी मीही मोरीतून निघायला हवं होतं. पण मानसोक दर वर्षी नव्या तांदळाला मला कोंबायचाच. विचारलं तर म्हणायचा, "वारं लागलं की दारूला सर्दी होते." तपासनीस निवृत्त झाले, काही मेलेही असतील. त्यांच्यासाठी घातलेला बोळा मात्र जागेवर होता.

दारू तयार झाली का हे बघायची त्यांची एक रीत आहे. पेटती काडी रांजणाच्या तोंडाशी धरायची. विझली तर आत अजून काम चाललंय. जळत राहिली तर दारू तयार. काडी काय सांगते ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण फक्त रांजणापुरतं.

चार वर्षांपूर्वी नव्या तांदळाच्या दिवसांत पाचही रांजण एकदम उसळत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ओक्बुन ढवळायला उतरली. श्वास तेव्हा खालून पाचव्या पायरीला लागलेला. तिने पहिल्या रांजणात काठी दोनदा फिरवली, कपाळाला हात लावला आणि रांजणाला टेकून खाली बसली. दमलेली बाई बसते तशी. मी तिच्यापासून दोन हातांवर होते. तिच्याच लग्नाची रजई. मला हलता आलं नाही.

थोड्या वेळाने मानसोक वरच्या पायरीवर आला. त्याने हाक मारली, मग तिला पाहिलं, आणि त्याचे पाय गोठले. तो उतरूच शकला नाही. मालसुन धावत आली आणि झोळी करायला म्हणून तिने मला बाहेरून ओढून काढलं. शेजारपाजारचे जमेपर्यंत सगळा श्वास उतारावरून वाहून गेला होता. माणसं आत गेली, ओक्बुनला उचलून बाहेर आली. कुणाचं डोकंसुद्धा दुखलं नाही. डॉक्टर म्हणाला, हृदय. ती शहात्तर वर्षांची होती. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मानसोकचे पाय चालले असते तर तोही गेला असता. पण त्याला एवढंच ठाऊक होतं की बायको खाली पडली होती आणि तो वर उभा राहिला.

त्यानंतर तो एकच रांजण लावायचा. आणि मला परत मोरीत.

या वर्षी नात आली. हेरिन, थोरल्या कांगिलची मुलगी. कॉलेज संपवून शहरात नोकरी करते, सुट्टीच्या दिवशी दारू लावायच्या वर्गाला जाते. एक वही, एक तापमापक आणि आजीचे पाचही रांजण भरायचा हट्ट घेऊन आली. अंगणात बसून तांदूळ धूत होती तर मालसुन कुंपणावरून म्हणाली, "अगं, तांदूळ धुतेस की न्हाऊ घालतेस?"

"पाणी नितळ होईपर्यंत धुवायचे. तुम्हीच सांगितलंत, मालसुन आजी."

"सांगितलं गं. कुणी ऐकलेलं पहिल्यांदाच बघतेय."

हेरिनने भात कडक वाफवला, चटईवर पसरून गार केला, गव्हाच्या खमिराची ढेप कुटून त्यात कालवली, रांजणांवर तारखा चिकटवल्या. मानसोक बघत होता. खुशीत होता. आणि त्याच खुशीत त्याने मला मोरीत कोंबलं, काठीने दाबून.

"हे कशाला?" हेरिनने विचारलं.

"वारं लागतं."

"लागू दे की."

"तुझा बाप जन्मला नव्हता तेव्हापासून बुजवतोय मी ही मोरी."

"म्हणून विचारतेय. इतक्या वर्षांत एकदाही उघडी ठेवून पाहिली नाही?"

मालसुन कुंपणापलीकडून म्हणाली, "चार पुस्तकं वाचली की पोरी वाऱ्यालासुद्धा वळण लावायला निघतात."

पहिल्या दिवशी श्वास पहिल्या पायरीला लागला. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या. दोघं आळीपाळीने ढवळायला उतरत होती, आणि वर आल्यावर हेरिन कपाळ चोळत म्हणायची, झोप झाली नाही. मला ते वाक्य ओळखीचं होतं. ओक्बुनही तेच म्हणायची.

तिसऱ्या दिवशी मानसोक काडी पेटवून उतरायला लागला. मागे हेरिन. अर्ध्या पायऱ्यांवर काडी विझली.

"सादळली," तो म्हणाला. दुसरी पेटवली. तीही तिथेच विझली.

"द्या इकडे." हेरिनने दारात जाऊन काडी ओढली. ती चांगली जळत होती. ती काडी घेऊन हळूहळू उतरली. त्याच पायरीवर ज्योत गेली, कुणी चिमटीत धरावी तशी. हेरिन थांबली. तिने आजोबाचा हात धरला, त्याला ओढत वर आणलं, आणि उतार फिरून येऊन मला मोरीतून काढलं.

"आंबताना वायू निघतो, आजोबा. जड असतो. खाली साचतो. रांजणाच्या तोंडाशी काडी विझते ना, तोच. आपण त्यात उतरत होतो."

"साठ वर्षं उतरतोय. काय झालं मला?"

मग तिने फार हळू विचारलं, "आजी गेली त्या दिवशी मोरी बुजवलेली होती?"

"हृदय होतं तिचं. डॉक्टर म्हणाला."

"मी डॉक्टरचं नाही विचारलं."

मानसोकने मला तिच्या हातातून घेतलं, वाकला आणि परत कोंबलं. ती आत गेल्यावर त्याने मला आणखी खोल दाबलं. त्याची बोटं माझ्या कापसात रुतली होती. तेव्हा मला कळलं की हा माणूस मूर्ख नाही. मोरी उघडी ठेवायची तर ती आधी कुणी बुजवली होती हे मान्य करावं लागतं. त्यापेक्षा त्याला खाली उतरणं सोपं वाटत होतं. आणि उद्या हेरिन शहरात परत गेली की तो उतरणार होता. दिवसातून दोनदा, काठी घेऊन.

मला म्हाताऱ्या माणसांचा राग येतो तो इथे. चुकतात म्हणून नाही. चूक एकदा केली की तिची राखण करत बसतात म्हणून.

संध्याकाळी हेरिनने मला परत ओढलं आणि लपवून ठेवलं. तळघराचं दार सताड उघडं टाकलं. सकाळी मानसोक उतारावर आला तर मोरी मोकळी आणि मी बाजूच्या दगडावर, हेरिनने आणून घडी घालून ठेवलेली. आतून हेरिनचा आवाज आला.

"आजोबा, मी खाली बसलेय. आजी बसली होती तिथेच. शेजारी मेणबत्ती आहे. आणा रजई आणि बुजवा."

"वर ये."

"वारं लागतंय दारूला. सर्दी होईल. बुजवा ना."

"पोरी, थट्टा पुरे."

"थट्टा नाही. दार मी आतून लावते, तुम्ही मोरी बुजवा. मी संध्याकाळपर्यंत बसते. साठ वर्षं काही झालं नाही, तर मला काय होणार आहे?"

आवाज ऐकून मालसुन आली. "कांगिलचे बाबा, हे काय चाललंय? बोलवा तिला वर."

मानसोकला राग चढला. त्याने मला उचललं आणि मोरीत घातलं. हाताला सवयच होती. मी अर्धी आत गेले आणि मला हेरिन दिसली, गुडघ्यांना मिठी मारून बसलेली. फरशीवरच्या मेणबत्तीची ज्योत मोरीकडे कलली होती. मी आत सरकले तसा वारा थांबला आणि ज्योत सरळ उभी राहिली. उरलेल्या फटीतून मानसोकनेही ते पाहिलं.

मालसुन त्याच्या मागे उभी होती. ती हलकेच म्हणाली, "त्या दिवशी मी हिला ओढून काढलं ना, तेव्हा आतून पोटऱ्यांना गार काहीतरी लागलं. वाहत गेलं खाली, कितीतरी वेळ. मला वाटलं, ओक्बुन चाललीय. म्हणून कुणाला बोलले नाही."

मानसोकचे हात माझ्यावर होते. आतून हेरिन म्हणाली, "बुजवलीत?"

"नाही." त्याने मला हळूहळू बाहेर घेतलं, कुणाला उठवावं तसं. ज्योत पुन्हा कलली. तो मोरीला तोंड लावून म्हणाला, "वर ये, पोरी. त्या दिवशी मीच कोंबली होती ही."

मग तो उतारावर बसला, मला मांडीवर घेऊन. हेरिन धावत आली तेव्हा तिच्या तोंडावर जिंकल्याचं काहीच नव्हतं. ती त्याच्या शेजारी बसली. मालसुनही बसली.

त्याला आता महिना झाला. हेरिन परत गेली. दारू गाळून बाटल्यांत भरली आहे आणि चांगली झाली आहे, असं मालसुननेसुद्धा तोंड वाकडं करून कबूल केलं. मला उन्हात वाळवून मानसोकच्या अंथरुणावर ठेवलंय. तो मला पांघरतो, पण त्याला ऊब येत नाही.

परवा त्याने पितरांच्या पूजेसाठी दोन नवे रांजण लावले. काल सकाळी गार वारं सुटलं. तो अंथरुणातून उठला, मला खांद्यावर टाकलं, उतार उतरून मोरीपाशी आला आणि वाकला. डोळ्यांत झोप होती, हात चालत होते. माझा कोपरा आत गेलासुद्धा. मग तो दचकला, आणि मला छातीशी धरून घरी आला. या खेपेला त्याला आठवलं. तो ब्याऐंशी वर्षांचा आहे. हेरिन लांब आहे, आणि त्याचे हात त्याच्यापेक्षा जुन्या गोष्टी लक्षात ठेवतात.

म्हणून तुम्हाला सांगून ठेवते. नव्या तांदळाच्या दिवसांत तुम्ही त्या रस्त्याने गेलात आणि उतारावरून आंबलेल्या भाताचा वास आला, तर खुशाल पुढे जा. घरात सगळं ठीक आहे. वास आला नाही, तर वर चढून या. कुणाची परवानगी मागू नका. मोरीतून माझं एक टोक बाहेर असेल. ते धरा आणि ओढा.