आठ वाजताची अंघोळ

संस्थेचं अनुदान बंद करण्याचा प्रस्ताव आहे, हे सचिवबाईंना पत्रातून कळलं. पत्र अतिशय सभ्य होतं. संस्थेच्या कार्याबद्दल शासनाला नितांत आदर असल्याचं त्यात दोनदा लिहिलं होतं, आणि दुसऱ्यांदा आदर वाचल्यावर सचिवबाईंनी थेट शेवटची ओळ गाठली.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे सचिवपद दोन वर्षांपुरतं म्हणून घेतलं होतं. त्याला आता नऊ वर्षं झाली होती. संस्थेचं काम एका वाक्यात सांगता येई. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी रोज सकाळी सेविका जात, त्यांना अंघोळ घालत, कूस बदलत, पाठीच्या जखमांवर पट्टी करत आणि पुढच्या घरी जात. सेविका चौदा, घरं साठ. यात फीत कापण्यासारखं किंवा पाटी लावण्यासारखं काही नसल्यामुळे देणगीदार फिरकत नसत. होतं ते सरकारच.

आणि सरकारचेही दिवस वाईट होते. कारखाने एका पाळीवर आले होते, निम्म्या दुकानांवर ‘भाड्याने देणे आहे’ असं लिहिलेलं होतं. सचिवबाईंनी सहा आठवडे खात्याचे उंबरठे झिजवले. त्या इमारतीतला प्रत्येक अधिकारी व्यक्तिशः त्यांच्या बाजूचा निघाला. चौथ्या मजल्यावरचे उपसचिव तर व्यक्तिशः इतके हळहळले की निघताना सचिवबाईंनीच त्यांची समजूत घातली. शेवटी उपसचिवांनी एवढं केलं की बुधवारच्या समितीपुढे संस्थेला तीन मिनिटं बोलायला मिळतील आणि सोबत एक लाभार्थी आणता येईल.

“लाभार्थी उठू शकत नाहीत,” सचिवबाई म्हणाल्या. “म्हणून तर ते लाभार्थी आहेत.”

उपसचिवांना हे पटलं. नातेवाईक चालेल, पण ओळखपत्र हवं, असं ठरलं.

सचिवबाईंची धाकटी जाऊ जाहिरातीच्या कंपनीत होती. तिनं भाषण वाचलं, आकडे खोडले आणि सांगितलं, “ताई, रडेल असं माणूस न्या. बाकी काही बोलू नका.” सचिवबाईंनी यादी काढून एका बैठकीत चाळीस फोन केले. बहुतेकांना घर सोडून निघता येत नव्हतं. एक सूनबाई यायला तयार होती, पण तिला रडू येईल का विचारल्यावर ती फोनवर हसायलाच लागली. उरले टर्नरकाका. जन्मभर लेथवर काम केलेला हा माणूस सहा वर्षं बायकोचं सगळं करत होता. शेजारीण दिवसभर बसते म्हणाली, म्हणून त्यांना येता येणार होतं. ते रडतील अशी आशा जावेलाही वाटली नाही.

बुधवारी बाहेरच्या बाकांवर नऊ संस्था बसल्या होत्या. अंधशाळेच्या मुख्याध्यापकांनी गाणारी चार मुलं आणली होती. फिरत्या वाचनालयाच्या बाईंजवळ फोटोंचा जाडजूड अल्बम होता. वर्षानुवर्षं ही मंडळी एकाच कचेरीत एकमेकांना भेटत आली होती. आज बिस्किटांचा पुडा सगळ्यांत फिरला, पण कोणाचं किती कापलं जाईल हा विषय कुणी काढला नाही. आतून गाणं ऐकू आलं, मग दार उघडलं आणि मुलं ओळीनं बाहेर आली. मुख्याध्यापक म्हणाले की समितीला गाणं फार आवडलं, आणि बाकावर मटकन बसले.

सचिवबाईंची पाळी आली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. समितीचे अध्यक्ष सकाळपासून नाही म्हणून म्हणून थकले होते. सचिवबाई तीन मिनिटं बोलल्या. अध्यक्षांनी मान डोलावली, वित्त विभागाच्या अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. मग अध्यक्षांनी रीत म्हणून विचारलं, “काका, तुमचं काही म्हणणं?”

टर्नरकाका उठून उभे राहिले. “तक्रार आहे,” ते म्हणाले.

सचिवबाईंनी खालून त्यांचा सदरा ओढला.

“सेविका नऊला येते. ती आठला यायला पाहिजे.”

“का?” अध्यक्षांनी विचारलं.

“हिची गोळी साडेआठची आहे. गोळी घेतली की गुंगी येते, ती संध्याकाळपर्यंत. आठ वाजता ही शुद्धीवर असते, चार शब्द बोलते. नऊला अंघोळ घातली तर हिला ते कळतही नाही. अंघोळ माणसाला कळायला पाहिजे.” एवढं बोलून ते खाली बसले.

अध्यक्षांनी कागद बाजूला सारला. सकाळपासून प्रत्येकानं त्यांच्याकडे पैसे मागितले होते, आणि पैसे नव्हते. हा माणूस फक्त वेळ बदलून मागत होता. त्यांनी विचारलं, यात खर्च किती? काही नाही, असं उत्तर मिळालं. त्यांनी तिथल्या तिथे ठराव सांगितला: सदर घरी सेविकेने पुढील महिन्याच्या एक तारखेपासून सकाळी आठ वाजता जावे. कारकुनानं तो लिहून घेतला. त्या दिवसात समितीनं मंजूर केलेली ती पहिली गोष्ट होती, आणि अध्यक्षांचा चेहरा जरा खुलला.

वित्त अधिकारी खाकरले. पुढच्या महिन्यात ही सेवाच राहणार नाही, त्यामुळे ठराव काढून टाकावा, असं त्यांनी सुचवलं.

अध्यक्ष त्यांच्याकडे वळले. “मी या गृहस्थांना आत्ता हो म्हटलंय,” ते म्हणाले. “पाच मिनिटांत शब्द फिरवू?”

समितीनं मग मधला मार्ग काढला. बंद करण्याचा प्रस्ताव वर्षभर पुढे ढकलला आणि अनुदान पाव हिश्श्यानं कमी केलं. वाचनालयाची गाडी मात्र त्या दिवशी बंद झाली. त्या बाईंनी बाहेर सचिवबाईंचं अभिनंदन केलं, अल्बम पिशवीत घातला आणि जिन्यानं उतरून गेल्या. सचिवबाई त्यांच्यामागे दोन पायऱ्या उतरल्या आणि परत वर आल्या.

तीन सेविका कमी कराव्या लागल्या. सचिवबाईंनी तिघींना स्वतः बोलावून सांगितलं, आणि तिघींपैकी एकीनंच त्यांना पाणी आणून दिलं. उरलेल्या अकराजणी आठ वाजता दुसऱ्या घरांत अडकलेल्या होत्या. ठराव तर लेखी आला होता, त्यावर शिक्का होता. सचिवबाईंनी दोन दिवस वेळापत्रक उलटसुलट करून पाहिलं. मग सर्वांत जुन्या सेविकेबरोबर आठवडाभर हिंडून काम शिकून घेतलं. कूस कशी बदलायची, पाठीला हात कुठून घालायचा, हे नऊ वर्षं अहवालात लिहूनही त्यांना माहीत नव्हतं.

एक तारखेला आठ वाजता त्या टर्नरकाकांच्या घरी गेल्या. काकांनी बादली भरून ठेवली होती, कोपर बुडवून पाणी किती ऊन आहे ते पाहिलं होतं. पलंगावरच्या बाईंनी डोळे उघडले आणि ही कोण, असं नवऱ्याला विचारलं.

“संस्थेच्या सचिव आहेत,” काका म्हणाले.

बाईंनी सचिवबाईंना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“बाह्या वर कर गं,” त्या म्हणाल्या. “भिजतील.”

सचिवबाईंनी बाह्या वर केल्या.